‘ते असेच आहेत’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुम्ही मनापासून लिहिलंत, म्हणून जरा सविस्तर उत्तर देतो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: ज्यांनी आयुष्य घालवून सॉफ्टवेअर उभं केलं आणि जगाला फुकट दिलं, त्यांना शिवराळ बोलण्यावरून जाब विचारणं हा कृतघ्नपणा आहे. ते असेच आहेत. ज्यांना सोसवत नाही त्यांनी येऊ नये.

लिनस टॉरव्हाल्ड्स यांचं उदाहरण तुम्हीच दिलंत. १९९१मध्ये त्यांनी लिनक्स ही संगणकप्रणाली सुरू केली, २००५मध्ये गिट हे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन. दोन्हींवर माझं पोट चालतं, ते ऋण मी नाकारत नाही. पण २०१३मध्ये त्यांच्या शिवराळपणावर सर्वांसमोर बोट ठेवलं ते लिनक्सच्या गाभ्यावर, म्हणजे कर्नलवर, काम करणाऱ्या सेज शार्प यांनी. लिनक्समधला यूएसबी ३.०चा ड्रायव्हर (ती उपकरणं चालवणारा कोड) शार्प यांनी लिहिला आहे. असं माणूसही २०१५मध्ये त्याच वातावरणाला कंटाळून कर्नलपासून दूर झालं. आपलं वागणं चुकीचं होतं हे मान्य करून टॉरव्हाल्ड्स यांनी माफी मागितली ती सप्टेंबर २०१८मध्ये. मधली ती तीन वर्षं मला फार सलतात.

माफीनंतर काही बुडालं का? ते काही आठवडे बाजूला राहिले, कर्नलची ४.१९ ही आवृत्ती त्यांचे सहकारी ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी काढली, आणि साधारण महिनाभराने टॉरव्हाल्ड्स परत आले. कर्नलमध्ये शेवटचा शब्द पुन्हा त्यांचाच. त्यांना कुणी हाकललं नाही.

चुका दाखवायलाच हव्यात, स्पष्ट दाखवायला हव्यात. ‘लॉक उलट्या क्रमाने घेतलंय, डेडलॉक होईल’ (म्हणजे प्रोग्रॅमचे दोन भाग एकमेकांची वाट पाहत अडकतील) हे कितीही रोखठोक असलं तरी त्यातून कोड सुधारतो. ‘अक्कल आहे का’ यातून बगबद्दल काहीच कळत नाही.

मी एका प्रकल्पात इतरांच्या कोडचा रिव्ह्यू करायचो. नव्या मुलीच्या पहिल्याच पॅचवर (तिने कोडमध्ये सुचवलेल्या बदलावर) आम्ही सगळे ज्यांना मानायचो त्यांनी असंच काहीतरी लिहिलं. चूक खरी होती, दोन ओळींत निस्तरली असती. आम्ही पाच-सहा जण ते वाचत होतो. कुणीच बोललं नाही. रात्री मी तिला खासगीत लिहिलं, ‘मनावर घेऊ नकोस, ते असेच आहेत.’ तिचं उत्तर आलं नाही, पॅचही पुन्हा आला नाही.

तुमच्या प्रतिक्रियेत नेमके तेच शब्द दिसले. समजूत तिची काढली, आणि ज्यांना तिथल्या तिथे ‘असं लिहू नका’ म्हणायला हवं होतं त्यांना मी आजवर ते म्हटलेलं नाही.