कूलर हरायच्या आधी गच्ची पांढरी करा

हवामान बदल रोखायला समाजानं आत्ताच कामाला लागायचं की 'बघू पुढे' म्हणायचं, याचं उत्तर नागपुरात घरच्या कूलरपाशी सापडतं.

बाजूंना लावलेल्या गवती ताट्यांमधलं पाणी वाफ होताना हवेतली उष्णता ओढून घेतं, एवढंच कूलरचं काम. मे महिन्यात बाहेर 44 अंश आणि आर्द्रता 15 टक्के असेल, तर ओलं फडकं गुंडाळलेला थर्मामीटर 23 अंशांच्या आसपास थांबतो. त्याखाली कूलर जाऊच शकत नाही. ताट्या नीट भिजत असतील तर 28 अंशांची हवा मिळते. म्हणजे 16 अंशांचा उतार, तोही 200 वॅटच्या आसपास विजेत.

आता जून घ्या. पाऊस लांबलेला, बाहेर 40 अंश, आर्द्रता 45 टक्के. ओल्या फडक्याचा थर्मामीटर 30 दाखवतो आणि कूलर फार तर 32 वर आणतो. कूलर तोच, पाणी तेच, उतार निम्मा. वर खिडकी बंद असेल तर खोलीत दमटपणा साचतो, घाम वाळत नाही आणि रात्रभर डोळा लागत नाही.

हवा एका अंशानं तापली की सुमारे 7 टक्के जास्त बाष्प धरू शकते. म्हणजे कूलर हरण्याचे दिवस वाढत जाणार आणि ज्याला परवडेल तो एसी घेणार. दीड टनाचा एसी तासाला एक ते दीड युनिट खातो. आपल्याकडे एका युनिटमागे साधारण 700 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, कारण वीज मुख्यतः कोळशाची. कोराडी आणि खापरखेडा ही कोळशाची वीज केंद्रं तर आपल्या दारातच आहेत. त्या वायूतला बराच भाग शेकडो वर्षं हवेतच राहतो. तो पुन्हा हवा तापवतो, कूलर आणखी हरतो.

हेच बाष्प एकदम कोसळलं की काय होतं, ते 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे शहरानं पाहिलं. काही तासांत 100 मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठची घरं बुडाली. त्या पुराला अरुंद झालेलं पात्र आणि सगळीकडे ओतलेलं सिमेंटही जबाबदार आहे, हे मान्यच. पण ते सिमेंटसुद्धा आपणच ओततोय, आणि अजून ओततोय.

'आत्ताच' म्हणण्याचं कारण हेच आहे. आज टाकलेला स्लॅब पन्नास वर्षं तापणार. कोराडीत 660 मेगावॅटचे आणखी दोन संच उभारण्याचा प्रस्ताव आला; असा संच एकदा पेटला की तीस-चाळीस वर्षं चालतो. दहा वर्षांनी शहाणपण सुचून ते उलटवता येत नाही. म्हणून असे संच नकोत, हे माझं स्पष्ट मत आहे. पण नुसतं नको म्हणून भागत नाही, विजेची मागणीही खाली आणावी लागेल. त्याची सुरुवात गच्चीवरून होते.

26 मेच्या सुमारास, ऐन नवतप्यात, म्हणजे उन्हाळ्यातल्या सगळ्यात तापत्या नऊ दिवसांत, नागपुरात भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो. 1000 चौरस फुटांच्या स्लॅबवर तेव्हा 90 किलोवॅटच्या आसपास ऊन पडतं. राखाडी सिमेंट त्यातलं सुमारे दोन तृतीयांश पितं, म्हणजे दोन किलोवॅटचे तीस गीझर एकदम चालू केल्यासारखं. ताजा पांढरा थर जेमतेम पाव भाग पितो.

काम मार्चमध्येच उरका. शेवाळ तारेच्या ब्रशनं खरवडा, भेगा भरून वाळू द्या. कळीचा चुना लोखंडी ड्रममध्ये रात्रभर भिजवा: पाण्यात चुना टाकायचा, चुन्यावर पाणी ओतायचं नाही, उकळून अंगावर उडतं. डोळ्यांना चष्मा हवाच. गाळून ताकाइतकं पातळ करा आणि दहा किलो चुन्याला साधारण किलोभर फेव्हिकॉल घाला, नाहीतर पावलांना पांढरं लागत राहतं. स्लॅब आधी ओला करून संध्याकाळी पहिला हात उभा मारा, दुसऱ्या दिवशी दुसरा आडवा. पुढचे दोन-तीन दिवस हलकं पाणी शिंपडा. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन घट्ट होतो आणि त्याला ओल लागते. तापल्या स्लॅबवर दुपारी मारलेला चुना भुकटी होऊन उडतो, आणि मग लोक म्हणतात, चुन्यानं काही होत नाही. धूळ बसली की परिणाम घटतो, म्हणून मे लागायच्या आत एकदा धुवा. पावसानं थर झिजतो, म्हणजे हे दरवर्षीचं काम आहे.

टिनाच्या छतावर चुना टिकत नाही. तिथं गंज घासून, धातूचा प्रायमर लावून पांढरा परावर्तक रंगच हवा, आणि तो महाग पडतो. सगळ्यात जास्त भाजून निघतात ती याच घरांतली माणसं. त्यांच्या छतांचं काम सरकारी खर्चानं, वस्ती धरून, उन्हाळ्याआधी झालं पाहिजे. नव्या इमारतीला पांढऱ्या गच्चीशिवाय भोगवटा प्रमाणपत्र देऊच नये.

ज्यांची गच्ची मोकळी आहे त्यांनी सोलरही बसवावं. 3 किलोवॅटला केंद्राचं 78,000 रुपये अनुदान आहे. दिवसाला सरासरी बारा युनिट निघतात आणि पॅनलखालचा स्लॅब सावलीत राहतो. पॅनल तापलं की वीज घटते, म्हणून खालून वारा खेळेल इतकी उंची ठेवा. धुवायचं ते सूर्य उगवायच्या आधी. बोअरचं पाणी वापरलं तर काचेवर क्षारांचा थर बसतो आणि तो नंतर निघता निघत नाही.