साधंच करायचंय, घरच्या घरी

लग्न घरीच करा. कोकणातल्या गावच्या घरी, खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात. हॉलवाल्याची अरेरावी नको, 'चारला हॉल रिकामा करा' नको, ताटागणिक हिशेब नको. मे महिना, आंब्याची सावली, खांबांना झावळ्या, मंद सनई आणि आपली माणसं. पत्रिकेत एवढंच लिहा : 'साधंच करतोय, आरामात या.' बाकीचं आपोआप होतं.

तारीख मेच्या शेवटच्या आठवड्यातली धरा. विहिरीने तळ गाठलेला असतो आणि वळीव कधी कोसळेल सांगता येत नाही, म्हणजे दोन्हीची मजा. पाहुण्यांना महिनाभर आधी कळवा. कोकण रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं आणि मेमधल्या गाड्या बघता बघता भरतात, पण आपलीच माणसं, येतील कशीही. मुंबई-गोवा हायवेने येतील. (हायवेबद्दल मी काही लिहीत नाही.)

माणसं मोजू नका. 'घरचेच शंभर' असं म्हणत राहा. वाडीला चूलबंद, म्हणजे घरच्या सगळ्यांना जेवायला, सांगावंच लागतं. ३० घरं, घरटी चार, हे १२० झाले, ते धरायचे नसतात. ग्रुपवर ज्यांनी नुसता अंगठा टाकलाय, ते येणार आहेत की नुसतं वाचलंय, हे विचारू नये. वाईट दिसतं.

मांडववाल्याला 'खळं मोठं आहे' एवढंच सांगा. तो सामान घेऊन आला की त्याला कळेल, जांभ्यात पहार जात नाही. जाणते लोक रंगाच्या २० लिटरच्या डब्यांत खांब उभे करून काँक्रीट ओततात, तेही आठवडाभर आधी. तुम्ही दोऱ्या पडवीच्या वाशाला आणि आंब्याच्या फांदीला बांधून मोकळे व्हा. ताडपत्री मात्र अगदी सपाट ताणा, फोटोत छान येते. उतार नसला की पावसाचं पाणी मधोमध साचतं आणि तिला पोट सुटतं. दहा बाय दहा फुटांवर दोन इंच पाणी म्हणजे साडेचारशे लिटरच्या वर. किलोही तेवढेच. खाली कोण बसलंय ते बघून घ्या.

चूल आंब्याखालीच मांडा. वर आग्या मोहोळ आहे का बघायची गरज नाही, धूर लागला की ते स्वतःच खाली येतं.

वीज घरच्या मीटरवरूनच घ्या. पाण्याचा पंप, दोन मिक्सर, सहा उभे पंखे आणि भटजींचा माइक, सगळं एका बोर्डातून. ऐन मंगलाष्टकांत फ्यूज उडतो आणि हवी ती शांतता मिळते.

जेवणाला आचारी कशाला? घरच्या बायका आहेत ना. आमरस ठेवा. माणशी दोन हापूस धरले तर दोनशे माणसांना ४००, पाच डझनी पेटीने सात पेट्या, सगळे त्याच सकाळी तयार झालेले हवेत. रस उकाड्यात फार वेळ टिकत नाही, म्हणून तो आदल्या रात्री काढून ठेवता येत नाही. सकाळी काढायचा. कुणी? असतंच कुणीतरी.

आता संडास. हा विषय पत्रिकेत येत नाही, याद्यांत येत नाही, तेव्हा तुम्हीही काढू नका. घरामागे एक आहे की! घरच्या पाच-सहा माणसांसाठी बांधलेला, तेवढा पुरे. हिशेबच हवा तर घ्या. दोनशेत बायका शंभर. शालू सावरत, पिना सांभाळत, एकीला चार मिनिटं. झाली ४०० मिनिटं, म्हणजे साडेसहा तासांच्या वर. मुहूर्त १२ वाजून ५ मिनिटांचा, तर रांग पहाटे सव्वापाचपासून लावा. तेही प्रत्येकीने एकदाच जायचं म्हणून. रात्रभर गाडीत बसून आलेली साठीची बाई एकदाच जात नाही. पाणी? खेपेला बादलीभर, १० लिटर. दोनशे जण दोनदा गेले की ४००० लिटर. वरची टाकी १००० ची. ती चारदा भरायची, तळ गाठलेल्या विहिरीतून, आणि पंप त्याच लाइनवर जी मघाशी उडाली. घरात जे पाणी वीस दिवसांत खाली जातं ते एका दिवसात गेलं की शोषखड्डा ते जिरवत नाही. ते उलटं येतं. मग रांगेतल्या पुढच्या बाईने काय करायचं?

आणि कडी. कडी नसते! एका हाताने दार ओढून धरायचं, दुसऱ्याने शालू. खुंटी नाही. बल्ब नाही. झाकणाचा डबा नाही, कारण ज्यांना तो लागतो त्या यादी करायला बसलेल्याच नसतात. मग बायका काय करतात माहितेय? सकाळपासून पाणी पीत नाहीत. मे महिन्यात, कोकणात, घामाने निथळत. आणि तुम्ही वर म्हणता, 'काकू, सरबत घ्या ना, लाजताय काय?' लाजत नाहीयेत हो त्या. घाबरल्यात.

दोनशे माणसांना चार तरी संडास हवेत. शेजारच्या दोन घरांना आधी जाऊन विनवा, उरलेले तात्पुरते भाड्याने आणा. टँकर आदल्या संध्याकाळी, दर दाराशी २०० लिटरचा ड्रम, बादली आणि मग. याला किती खर्च येतो? त्या सेल्फीच्या फुलांच्या चौकटीपेक्षा जास्त नाही.

पंगती आहेतच. एका वेळी चाळीस, खळ्यात त्याहून बसत नाहीत. दोनशेला पाच पंगती, एकेक ४० मिनिटांची. शेवटच्या पंगतीला चार वाजतात आणि तिथे कोण बसलेलं असतं ते बघा एकदा. पहाटे उठून रस काढणारी आत्या, वाढणाऱ्या चुलतबहिणी, भांडी घासायला वाडीतून बोलावलेली वहिनी. रस संपलेला, मठ्ठा तळाचा. आत्याने अक्षताही टाकल्या नाहीत, ती तेव्हा पुऱ्या तळत होती. तिने मुंबईहून येताना नवीन साडी आणली होती, ती बॅगेतच राहिली.

आराम तुमचा झाला. हॉलवाला निदान पैसे घेऊन माणसं लावतो. तुम्ही पैसे वाचवलेत ते नात्यातल्या बायकांच्या पाठीवर, आणि त्याला साधेपणा म्हणता. लाज वाटू द्या थोडी. आचारी लावा, वाढपी लावा, आणि पत्रिका छापायला टाकायच्या आधी घरामागे जाऊन बघा. दाराला आतून कडी आहे का.