ऊन लागलेल्या माणसाला अर्धा तास कोरडा ठेवायचा?

उन्हाळा चढला की एक संदेश मोबाइलवर फिरू लागतो. यंदा तो सत्तरीतल्या माझ्या मावशीपर्यंत पोहोचला आणि काजूच्या बागेतून भर दुपारी परतलेल्या काकांना तिने अर्धा तास हातपायसुद्धा धुऊ दिले नाहीत. आता गप्प बसवत नाही.

संदेश म्हणतो: कडक उन्हात थंड पाणी प्यायल्यास बारीक रक्तवाहिन्या फुटतात. बाहेरून आल्यावर अर्धा तास अंगाला पाणी लावू नये, कारण एका डॉक्टरांचा मित्र पाय धुताच कोसळला. खिशात कांदा ठेवावा. आणि खाली कुणीतरी जोडलंय, गोव्याला समुद्र आहे, इथे उष्माघात होत नाही.

रक्तवाहिन्या थंडीने आकसतात, फुटत नाहीत. प्यायलेलं गार पाणी पोटात थोड्याच वेळात कोमट होतं.

खरा घातक आहे तो ‘अर्धा तास’. उष्माघातात शरीराचं तापमान ४० अंशांच्या वर जातं, माणूस बरळतो, शुद्ध हरपते. ताप उतरायला जितका उशीर, तितकी मेंदूला, मूत्रपिंडांना इजा जास्त. अशा वेळी पाणी हाच पहिला उपचार. अमेरिकेत फालमथला ऐन उन्हाळ्यात धावण्याची मोठी शर्यत होते. तिथल्या १८ वर्षांच्या नोंदी २०१५ साली प्रसिद्ध झाल्या. उष्माघात झालेल्या २७४ धावपटूंना तिथल्या तिथे बर्फाच्या पाण्याच्या टबात बसवलं होतं. एकही दगावला नाही. दोनशे चौऱ्याहत्तर! आणि संदेशातल्या त्या मित्राला ना नाव, ना गाव, ना इस्पितळ.

एवढं मान्य करते की हृदयविकार असलेल्या किंवा वयस्क माणसाने तापल्या अंगाने एकदम थंडगार झरीत उडी मारू नये, रक्तदाब झटक्यात वाढतो. पण झरीत उडी मारणं वेगळं आणि नळाखाली पाय धुणं वेगळं. फ्रीजपेक्षा मडक्यातलं पाणी बरं वाटत असेल तर तेच प्या, पण प्या.

समुद्राचं म्हणाल तर त्याच्यामुळेच हवा दमट असते, घाम सुकत नाही आणि अंग निवत नाही. म्हणून तर हवामान खातं किनारपट्टीवर ३७ अंशांनाच उष्णतेची लाट धरतं, पारा सरासरीहून साडेचार अंश वर असला तर. मार्च २०२३ मध्ये गोव्यातल्या शाळा दुपारच्या आत सोडल्या होत्या, त्या याच कारणाने.

कांदा जेवणात घाला, खिशात त्याचा काही उपयोग नाही.

कुणी उन्हात बरळू लागला, कोसळला तर १०८ ला फोन करा. त्याला सावलीत घ्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला. बर्फ असेल तर फडक्यात गुंडाळून मानेला, काखेत, जांघेत धरा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका, श्वासात जाईल. अंगावर मात्र गाडी येईपर्यंत ओतत राहा.