पारंपरिक नाही, बहिणाबाईंचं आहे

आज संध्याकाळी जळगावात एका वाद्यवृंदाच्या कार्यक्रमात ‘अरे संसार संसार’ झालं. निवेदकाने गायिकेचं नाव घेतलं, ढोलकीवाल्याचं घेतलं, की-बोर्डवाल्याचं घेतलं, मंडपवाल्याचे आभार मानले. मग म्हणाला, “आता ऐकू या एक पारंपरिक लोकगीत.” लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणालाही काही खटकलं नाही.

पारंपरिक? आणि तेही जळगावात? ते गाणं बहिणाबाई चौधरींचं. त्या माउलीचं माहेर आसोदं, इथून हाकेच्या अंतरावर. संसार केला तो याच गावात. २०१८ पासून इथल्या विद्यापीठाला नाव तिचं. आणि तिच्याच ओळी तिच्याच गावात बेवारस करून टाकायच्या! मंडपवाल्याला नाव आहे, बहिणाबाईंना नाही.

त्यांना लिहिता येत नव्हतं. मुलगा सोपानदेव आणि त्याचा मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी त्या ओव्या उतरवून ठेवल्या, म्हणून त्या राहिल्या. १९५१ साली बहिणाबाई गेल्या, पुढच्या वर्षी आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह त्यांच्या कवितांचं पुस्तक आलं आणि १९६१च्या ‘मानिनी’त वसंत पवारांच्या चालीवर हे गाणं घरोघरी पोचलं. म्हणजे कवयित्री माहीत, संगीतकार माहीत, चित्रपट माहीत, साल माहीत. यात पारंपरिक काय आहे?

आता कुणी म्हणेल, निवेदकाला एका रात्रीत तीस गाणी सांगायची असतात, एखादं नाव राहतं. राहत असेल. पण गायकाचं कधी राहत नाही. राहतं ते नेहमी गीतकाराचंच.

याचं कारण मला असं वाटतं की गाण्याचे शब्द लिहिणं हे काम आहे, हेच लोकांना ठाऊक नसतं. सिनेमात बहुतेक वेळा चाल आधी येते. संगीतकार मोबाइलवर ‘ला ला ला’ किंवा काहीतरी निरर्थक डमी बोल गाऊन पाठवतो आणि म्हणतो, यावर लिहा. गीतकार आधी प्रत्येक ओळीतली अक्षरं मोजतो, लांब सूर कुठे आहेत आणि सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, कुठे पडते त्या खुणा करतो, गायक श्वास कुठे घेणार ते बघतो. मग मुखडा म्हणजे ध्रुवपद, मग अंतरे म्हणजे कडवी, आणि अंतऱ्यातून मुखड्यावर परत आणून सोडणारी ओळ. ती ओळ जमली नाही तर चांगला अंतराही लोंबकळत राहतो.

चुका कुठे होतात? वरच्या सुरावर लांब ओढायच्या जागी ‘ई’ किंवा ‘ऊ’ आला की गळा आवळतो. तिथे ‘आ’ नाहीतर ‘ओ’ लागतो. भरभर जाणाऱ्या सुरांवर जोडाक्षर टाकलं की जीभ अडखळते. श्वासाची जागा चुकली तर ‘काळजी’चे ‘काळ’ आणि ‘जी’ असे दोन तुकडे होतात आणि अर्थाची माती होते. मराठीची आणखी एक अडचण म्हणजे शब्दाच्या शेवटचा ‘अ’. बोलताना आपण ‘घर’चा ‘र’ तोडून टाकतो, पण चालीने त्याच ‘र’वर लांब सूर ठेवला असेल तर ‘घरा’ म्हटल्यासारखं ऐकू येतं. मग आख्खी ओळ बदला. आणि ‘आहे’ हे क्रियापद! दोन अक्षरं, बहुधा ओळीच्या शेवटी, काढावं तर वाक्य लंगडं. आपल्या अहिराणीत तिथे एका अक्षरात ‘शे’ येतं आणि समेवर ठक्कन बसतं. अहिराणी गाणी पाय थिरकवतात त्यात या ‘शे’चाही वाटा आहे, असं माझं ठाम मत आहे.

आणि बहिणाबाई बघा. बोटांवर मोजा: अ-रे-सं-सा-र-सं-सा-र, आठ. ज-सा-त-वा-चु-ल्ह्या-व-र, आठ. घरोट म्हणजे जातं ओढताना, शेतात राबताना हा हिशेब त्या माउलीच्या अंगात मुरलेला होता. आठ मात्रांच्या केरवा तालात अशी ओळ बसवताना शब्दाची मोडतोड करावी लागत नाही. चाल नसती तर या ओळी इतक्या घरांत गेल्या नसत्या, हे कबूल. पण ओळीच नसत्या तर चाल कशावर चढवली असती?

कवी ना. धों. महानोरांचंही तेच. पळसखेडे नकाशात मराठवाड्यात असेल, आम्ही त्यांना कधी परकं मानलं नाही. अजिंठ्याच्या डोंगराखाली शेती करणाऱ्या या माणसाने १९७७च्या ‘जैत रे जैत’मध्ये ठाकर आदिवासींच्या तोंडी गाणी दिली, ती कोकणातल्या कर्नाळ्याच्या रानात उगवल्यासारखी वाटतात. दोन मुलखांच्या बोलीत एवढं अंतर असताना! त्या गाण्यांची ओळख करून देतानाही दोन मंगेशकरांची नावं येतात आणि निवेदक थांबतो.

नाव गेलं की पैसेही जातात, म्हणून राग जास्त येतो. ‘पारंपरिक’ लिहिलं की मानधन मागणारा कुणी उरतच नाही. आज लग्नाच्या हळदीत, डीजेवर, यूट्यूबवर अहिराणी गाणी धो धो वाजतात. ती लिहिणारी पोरं एकदाच हातात पडलेल्या रकमेवर ‘सर्व हक्क दिले’ अशा कागदावर सही करून मोकळी होतात. पोरांनो, २०१२ साली कॉपीराइटचा कायदा बदलला आहे. सिनेमासाठी लिहिलेलं गाणं चित्रपटगृहाबाहेर वाजलं, किंवा सिनेमाशी संबंध नसलेलं ध्वनिमुद्रित गाणं कुठेही वाजलं, तर रॉयल्टीत तुमचा समसमान वाटा आहे. तो कंपनीला लिहून देता येत नाही, सोडूनही देता येत नाही. हक्क द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशीच. कागदावर मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या आयपीआरएस या संस्थेचं सभासद व्हा, आणि प्रत्येक गाणं तिथे नोंदवा. नुसतं सभासद होऊन भागत नाही. नोंद नसलेल्या गाण्याचे पैसे तुमच्यापर्यंत पोचणार कसे?

लिहिता लिहिता राग थोडा निवळला. तो निवेदक तरुण पोरगा आहे, आवाज चांगला आहे त्याचा. त्याला कुणी सांगितलंच नसेल. त्याला ओळखणाऱ्यांनी ही पोस्ट पाठवा. पुढच्या कार्यक्रमात एवढंच वाच म्हणावं: गीत बहिणाबाई चौधरी, संगीत वसंत पवार, चित्रपट ‘मानिनी’.