‘चिकनची लाच’ म्हणणाऱ्या प्रतिक्रियेला उत्तर

गेल्या आठवड्यात मी कोकमबद्दल, म्हणजे आमच्या कुत्र्याच्या पिल्लाबद्दल, लिहिलं होतं. कुत्र्यांच्या ट्रेनिंगच्या ग्रुप क्लासमध्ये तो मला सोडून साऱ्या जगाकडे कसा बघायचा, आणि मैदानाच्या कडेला बसून, उकडलेल्या चिकनच्या जोरावर त्याचं लक्ष हळूहळू माझ्याकडे कसं वळलं, त्याची ती हकिगत. बऱ्याच जणांनी आपापल्या पिल्लांचे प्रताप कळवले, मजा आली. आणि ‘एक श्वानप्रेमी’ या नावाने ही एक प्रतिक्रिया आली. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी जशीच्या तशी देते :

“बाई, आधी कुत्रा समजून घ्या, मग लेख लिहा. चिकन दाखवून काम करून घेणं याला ट्रेनिंग नाही, लाच म्हणतात. फोटोतच दिसतंय, तुकडा नाकासमोर धरलाय. आमच्याकडे तीन अल्सेशियन झाले, एकालाही खाऊ लागला नाही. आणि जे पिल्लू घरात हाकेला वळत नाही त्याला वीस लोकांच्या घोळक्यात न्यायचंच कशाला? लसी तरी पूर्ण झाल्या होत्या का?”

उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं होतं. नवराही म्हणाला, सोड. दोन दिवस सोडलंही. पण काल रात्री ओटा पुसताना ते ‘बाई’ पुन्हा आठवलं आणि फडकं तिथेच राहिलं.

माझी आई बत्तीस वर्षं शाळेत बाई होती. अजूनही नौपाड्यात तिला कोणी पन्नाशीचा गृहस्थ भेटला की चप्पल काढून वाकतो आणि ‘बाई’ म्हणतो. त्या बाईत आणि तुमच्या बाईत फरक आहे. तुमच्या बाईनंतर स्वल्पविराम आहे आणि त्या स्वल्पविरामात ‘तुम्हाला काय कळतंय’ हे अख्खं वाक्य मावलंय. आपण स्वतःचं नावही लिहिलेलं नाही, तेव्हा मी आपल्याला काय म्हणावं हाही प्रश्नच. श्वानप्रेमी म्हणते.

एक गोष्ट आधीच मान्य करून टाकते. फोटोत तुकडा खरंच नाकासमोर आहे. तो फोटो पहिल्या रविवारचा, तो लेखात टाकायला नको होता. तेवढं तुमचं बरोबर.

आता ‘लाच’. हा शब्द आमच्या घरात असा सहज कोणी वापरत नसे. माझे बाबा महसूल खात्यात कारकून होते. दिवाळीत कोणी मिठाईचा पुडा घेऊन आलं की ते बनियनवरच जिन्यापर्यंत जाऊन पुडा परत करायचे, आणि आम्ही दोघी बहिणी खिडकीतून, निघून चाललेल्या काजूकतलीला डोळ्यांनी निरोप द्यायचो. त्यामुळे लाच कशाला म्हणतात हे निदान मला शिकवू नये. बाबा म्हणायचे, लाच कामाच्या आधी येते, टेबलाखालून येते. पगार काम झाल्यावर येतो, सही करून. इतकं साधं आहे ते.

कोकमचंही तसंच आहे. नवी गोष्ट शिकवताना पहिले तीन-चार वेळा तुकडा नाकापाशी धरून हात वर नेला, की पिल्लाचं डोकं वर जातं आणि बूड आपोआप खाली टेकतं. तिथवर ठीक. त्यानंतर तोच हात रिकामा. तुकडा कमरेच्या पाऊचमध्ये, तो त्याला दिसत नाही. त्याने माझ्याकडे बघितलं की मी ‘येस’ म्हणते, आणि ‘येस’ म्हणून झाल्यावरच हात पाऊचकडे जातो. हा क्रम उलटा झाला तर पिल्लू तुमच्याकडे नाही, पाऊचकडे बघायला शिकतं. हे मी पुस्तकी सांगत नाहीये, माझ्याकडून दोन रविवार नेमकं हेच झालं होतं. कोकम माझ्या हाकेला ढिम्म, पण पाऊचची चेन उघडली की मैदानाच्या पलीकडूनही मान वळायची. बक्षीस आणि लाच यातला फरक एवढाच आहे, आणि हे सगळं मूळ लेखात होतं. वाचलं असतंत तर.

आणि ही ‘लाच’ म्हणजे केवढी? तुरीच्या दाण्याएवढा तुकडा. मीठ नाही, हळद नाही, कांदा-लसूण तर अजिबात नाही, कारण कांद्या-लसणाने कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात. जेवढं चिकन क्लासला नेते तेवढं सकाळच्या खाण्यातून कमी करते. (एकदा तो स्टीलचा डबा नवऱ्याने ऑफिसला नेला. त्याने दुपारी फोन करून विचारलं, आज मीठ विसरलीस का?)

तुम्हाला दुसऱ्या रविवारची गोष्ट सांगते, ती लेखात नव्हती. घोडबंदर रोडच्या आतल्या बाजूचं मैदान, सकाळी सात, जानेवारीतली ठाण्याची थंडी, म्हणजे घालून गेलेला स्वेटर अर्ध्या तासात कमरेला बांधावा लागतो एवढी. एका कोपऱ्यात मुलांचं क्रिकेट, दुसऱ्या कोपऱ्यात हास्यक्लबाची मंडळी, मधे आमचं नऊ कुत्र्यांचं रिंगण. आमच्या शेजारी एक चॉकलेटी लॅब्रॅडॉर, दीड हातावर. कोकमचं जे काही होतं ते त्या लॅब्रॅडॉरकडे. कान पुढे, शेपूट ताठ, तोंड घट्ट मिटलेलं. मी हाक मारली. पुन्हा मारली. एकूण अकरा वेळा. हा आकडा माझा नाही, आमच्या ट्रेनर ताईंनी मोजला होता. शेवटी मी तुकडा त्याच्या ओठाला लावला. तो घसरून मातीत पडला आणि कोकमने खाली बघितलंसुद्धा नाही. दोन मिनिटांत त्या तुकड्याला मुंग्या लागल्या. श्वानप्रेमी, ती लाच असेल तर त्या दिवशी ती कोणी घेतली नाही, याची कृपया नोंद घ्यावी.

ताई जवळ आल्या आणि म्हणाल्या, “त्याचं नाव आता त्याच्यासाठी ट्रॅफिकच्या आवाजासारखं झालंय. थोडे दिवस जपून वापरा.” मग त्यांनी आम्हाला रिंगणातून उठवून मैदानाच्या कडेच्या गुलमोहराखाली नेऊन बसवलं. चाळीस पावलं मोजली मी. एरवी आवडीचा खाऊ पिल्लू तोंडात घेत नाही तेव्हा तो हट्टीपणा नसतो. ज्या गोष्टीकडे ते बघतंय ती फार जवळ आहे, एवढाच त्याचा अर्थ, आणि उपाय म्हणजे अंतर. गुलमोहराखाली पाच मिनिटांत त्याचं तोंड उघडलं, जीभ बाहेर आली, त्याने मातीचा वास घेतला आणि मग आपणहून, मी एक शब्दही न बोलता, मान वळवून माझ्याकडे पाहिलं. ‘येस.’ तो तुकडा मात्र त्याने घेतला.

पुढे क्लासला गेलो ते सगळे रविवार हेच. दोन-तीन मिनिटं काम, मग सुट्टी. चार महिन्यांचं पिल्लू दिवसातले अठरा-एकोणीस तास झोपतं, त्याच्याकडून सलग तासभर लक्षाची अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने करायची? जमलं तर दर आठवड्याला चार पावलं आत, चेंडू अंगावर आला की पुन्हा झाडाखाली. आणि दरवेळी चिकनच देते असंही नाही. त्याने माझ्याकडे बघितलं की कित्येकदा मी ‘जा, हुंग’ म्हणून पट्टा सैल सोडते, कारण त्या क्षणी त्याला चिकनपेक्षा ती खांबाची कड जास्त हवी असते. आधी पाढे, मग गोट्या, हा आजीचाच नियम. डेव्हिड प्रेमॅक नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५९ साली तो शास्त्रीय भाषेत मांडला, म्हणून तो आता त्याच्या नावाने ओळखला जातो. पण तुम्ही चिकनपाशीच अडकलात.

आता तुमचे तीन अल्सेशियन. त्यांना माझा नमस्कार. एकालाही खाऊ लागला नाही म्हणता, मग काय लागलं तेही लिहा ना. पाठीवर थाप? तीही मजुरीच झाली. पट्ट्याला हिसका? मग तसं स्पष्ट लिहा. कुत्रा फुकट काम करत नाही, एकतर काहीतरी मिळावं म्हणून करतो नाहीतर काहीतरी टळावं म्हणून. दुसरा रस्ता झटपट आहे हे मला ठाऊक आहे. मला तो नको आहे.

शिवाय अल्सेशियन ही जात माणसाबरोबर मेंढ्या राखायला, माणसाच्या इशाऱ्यावर काम करायला घडवलेली. माझा कोकम नौपाड्यात उभ्या टेम्पोखाली सापडलेला, आईबापांचा पत्ता नसलेला देशी. त्याच्या पूर्वजांनी चहूकडे लक्ष ठेवूनच पोट भरलं. रस्त्यावर ज्या पिल्लाचं लक्ष ‘विचलित’ होत नाही ते पावसाळ्याच्या आत गाडीखाली जातं. अशा जिवाला ‘चंचल’ म्हणणंच मुळात चूक, आणि लेखाच्या मथळ्यात मीही ती केली होती, असो.

आमच्याही लहानपणी वाड्यात मोत्या होता. अकरा वर्षं होता. त्याला कोणी काही शिकवलं नाही आणि तो कधी कोणाला चावला नाही. म्हणून मी काही लोकांना कुत्रे समजावून सांगत फिरले नाही. मोत्या शहाणा होता, त्यात आमची कर्तबगारी शून्य.

‘घोळक्यात न्यायचंच कशाला’ हा तुमचा मुद्दा तसा विषय सोडून आहे. ग्रुप क्लास घोळक्यातच असतो, त्याला मी काय करू? त्या अकरा हाकांनंतर आम्ही दोन रविवार क्लासला गेलोच नाही. आधी हॉलमध्ये, मग जिन्यात, मग पार्किंगमध्ये हाक पक्की केली आणि मग परत गेलो, आणि त्याने पुष्कळ फरक पडला हे खरं आहे. पण तो आमचा आमचा निर्णय होता. (हा मजकूर बहिणीला वाचून दाखवला तर ती म्हणाली, “अगं, तो माणूस तरी हेच म्हणतोय.” बहिणींना प्रत्येक गोष्टीत बोलायलाच हवं असतं.) यावर इथे जास्त लिहीत नाही.

लसींचं दोन ओळींत. झाल्या होत्या, रेबीजचीही, कार्ड बघितल्याशिवाय क्लासमध्ये घेतच नाहीत. पार्व्होच्या, म्हणजे पिल्लांच्या जीवघेण्या संसर्गजन्य आजाराच्या, भीतीने शेवटच्या डोसपर्यंत कोकमला मी जमिनीवर उतरवलं नव्हतं, पण कडेवर घेऊन तलावपाळीला रोज नेत होते, कारण पिल्लाचं जग ओळखायचं वय साधारण तिसऱ्या आठवड्यापासून चौदाव्यापर्यंतच असतं आणि ते लसींसाठी थांबत नाही. अमेरिकेतल्या पशुवैद्यकांच्या प्राणिवर्तनविषयक संघटनेने तर २००८ सालीच म्हटलंय की पहिल्या लसीनंतर सात दिवस गेले, जंतांचं औषध दिलेलं असलं, तर पिल्लांच्या क्लासला जायला हरकत नाही. तुम्ही ‘लसी तरी’ असं लिहिलंय. त्या ‘तरी’बद्दलही मला बरंच बोलता येईल.

फोटो आजच बदलते आहे. नवा कालच काढला, रिंगणापासून बारा पावलांवर. त्यात माझा हात रिकामा आहे. कोकम मात्र माझ्याकडे बघत नाहीये, कारण नेमक्या त्याच क्षणी हास्यक्लबवाले हसले.