मालकाचं उत्तर : १५ मिनिटांची एटीव्ही राईड ९ मिनिटांत संपवली म्हणे

नमस्कार सर, तुमचा रिव्ह्यू वाचला, रविवारी आमच्याकडे एटीव्हीच्या (चिखलात चालणारी, जाड चार चाकांची हँडलवाली गाडी) राईडला तुम्हाला त्रास झाला त्याबद्दल मनापासून सॉरी. हेल्मेटला वास येत होता हे खरंय, नाही म्हणणार नाही, पावसाळ्यात आतलं पॅडिंग दोन दोन दिवस वाळत नाही आणि रविवारी एकाच्या डोक्यावरून काढलं की लगेच दुसऱ्याच्या. काहीतरी सोय करतो. पण तुम्ही लिहिलंय तशी "जुनाट" नाहीत हां, सगळी आयएसआय मार्कची फुलफेस आहेत, आणि एखादं जोरात आपटलं की बाहेरून ठणठणीत दिसलं तरी आम्ही बाद करतो, आतला थर्माकोल दबलेला असतो.

पण "१५ मिनिटांचे ५०० घेऊन ९ मिनिटांत उतरवलं, फसवणूक" हे वाचून रात्री जेवण गेलं नाही. तुमचं टोकन ४:४० चं, कॅमेऱ्यात परत बघितलं मी, तेव्हा तुम्ही स्लीपर आणि हाफ पँटवर गाडीवर बसलेले आणि आमचा पोरगा बूट घाला, नीगार्ड घाला म्हणून विनवतोय. ४:४६ पर्यंत तोच वाद. अहो बूट, गार्ड, ग्लोव्हज, गॉगल सगळं तिकिटातच आहे, वेगळा रुपया घेत नाही, मग तो कशाला मागे लागेल? एटीव्हीवर नवीन माणूस बाईकसारखा तोल सावरायला पाय खाली टेकवतो आणि मागचं चाक सरळ त्या पायावर येतं. चिखलात स्लीपर फूटरेस्टवरून सटकते ते वेगळंच, हाफ पँटवर सायलेन्सरचा चटका बसला असता तरी रिव्ह्यू मलाच आला असता ना. वहिनींना ओढणी काढून ठेवायला सांगितली त्याचाही राग आला तुम्हाला, ती चाकात गुंतली असती तर? आणि एका सीटच्या गाडीवर तुमच्या मुलाला पुढे बसवू दिलं नाही, ते उद्याही देणार नाही, एक स्टार द्या नाहीतर अर्धा.

टाइम टोकनपासून धरतो हे बोर्डावर बारीक अक्षरात आहे, मोठं करून घेतो.

सर, धंदा पावसाळ्याच्या तीन-चार महिन्यांचा, नाशिकजवळच्या गंगापूर धरणापर्यंत आलेले लोक मोबाईलवर स्टार बघून पुढे आमच्याकडे गिरणाऱ्याला यायचं का मागे फिरायचं ते ठरवतात, म्हणून एवढं लिहिलं. परत या, राहिलेली सहा मिनिटं माझ्याकडून. बूट मात्र घालावे लागतील.