वीस तारीख उलटली, मानधनाचा पत्ता नाही

बाप्पा, या महिन्यातही तेच. खात्यात दमडी नाही. विचारलं तर उत्तर ठरलेलं: "वरून निधी आला नाही." वर म्हणजे नेमकं कुठं, हे मला अंगणवाडीत वीस वर्षं काढूनही कळलं नाही.

कामाला मात्र उशीर चालत नाही. काल दुपारी कडुनिंबाखालच्या ओट्यावर मोबाइल उंच धरून उभी होते, गावात रेंज तिथंच येते. पोषण ट्रॅकर या सरकारी ॲपवर बाळंतिणीचा चेहरा जुळला तरच आहाराचं पाकीट. ती उन्हानं डोळे मिचकावते, स्क्रीनवर चकरी फिरते, कडेवरचं लेकरू भोकाड पसरते. तिसऱ्या खेपेला जुळला, तेवढ्यात रेंज गेली! ती बिचारी कापसाची वेचणी सोडून आलेली.

अन् मोबदला? केंद्रानं २०१८ मध्ये सेविकेसाठी मानधनातला आपला महिन्याचा हिस्सा ३००० वरून ४५०० रुपये केला, मदतनिसासाठी २२५०. राज्य भर घालते, पण त्यासाठी आम्हाले संपावर बसा लागते. डिसेंबर २०२३ मध्ये बसलोच होतो. अंगणवाडीची योजना १९७५ ची, आम्ही अजून 'मानसेवी', म्हणजे कागदावर नोकर नाही. पगार म्हटलं की किमान वेतन आलं, म्हणून मानधन म्हणायचं. सरकार, मालक अन् कामगार संघटना जिथं एकत्र बसतात त्या भारतीय श्रम परिषदेनं २०१३ मध्ये आमच्यासाठी किमान वेतनाची शिफारस केली, २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टानं ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला. वाचून बरं वाटते, किराणा येत नाही.

माझी मदतनीस रविवारी वेचाले जाते. म्हणते, "ताई, तिथं पैसे त हातात भेटते."